बंडीखाली चालणारं कुत्रं

कुत्र्याला फिरायला नेणं हा माझ्या वडिलांच्या मते जगातला सगळ्यात येडपट उद्योग. "त्याले कायले फिरवा लागते? ते सोताच्या पायानं फिरत नाही का?" असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. आणि तरी त्या हिवाळ्यात जवळपास दर रविवारी बाबा, मी आणि ते कुत्रं असे तिघंजण माझ्या जुन्या गाडीत बसून वाशिमच्या बाहेर पडत होतो. पुढे बाबा, हातात पिशवी धरून, एस.टी.त बसल्यासारखे ताठ. मागच्या सीटवर पोतं अंथरलेलं आणि त्यावर कुत्रं, लाळ गाळत. आणि स्टेअरिंगवर मी, अजून कॉलनीचा कोपरा ओलांडला नाही तोच पुढच्या रविवारी कुठे जायचं याचा विचार करत.

मी इथल्या एका दवाखान्यात रक्त तपासणीच्या खोलीत कामाला आहे. आठवडाभर लोकांच्या दंडातल्या शिरा शोधते. "पोरगी लोकायचं रक्त काढते," असं बाबा गावात छाती फुगवून सांगायचे; ऐकणाऱ्याला मी सावकारीणच वाटत असणार. एका जागी बसणं मला जमत नाही. चहा उकळेपर्यंत मी धुणं वाळत घालते, धुणं वाळत घालताना कानाला फोन असतो, आणि फोनवरचं माणूस बोलत असतं तोवर मी मनाने तिसऱ्याच कामाला लागलेली असते. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. लग्नाच्या भानगडीत मी पडले नाही. तळमजल्यावरचं भाड्याचं घर, पुढे फाटक, फाटकाआत गाडी मावेल एवढं अंगण, एवढा माझा संसार. वर घरमालकीण काकू राहतात.

आमचं गाव इंझोरीच्या अलीकडे. आई गेल्यावर बाबा तिथे एकटेच राहत होते. बैल थकले तेव्हा त्यांनी जोडी देऊन टाकली, शेत बटईनं लावलं. बंडी तेवढी राहिली. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. ती लिंबाखाली जू टेकवून उभी होती आणि तिच्या आखाखाली, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याखाली, हे कुत्रं पडलेलं असायचं. तांबूस रंगाचं, एका कानाचा शेंडा रानडुकरानं फाडलेला. नाव त्याला कोणी ठेवलंच नव्हतं. बाबा जिभेनं टक् केलं की ते उठायचं.

शेत दुसऱ्याला दिलं तरी बाबा रोज धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन यायचे. कायले, ते विचारायची सोय नव्हती. असेच एका दुपारी गेले आणि त्यांना भोवळ आली. साखर आहे त्यांना, गोळी घ्यायची आणि जेवायचं विसरायचे. तुरीच्या तासात आडवे झाले. कुत्रं तिथेच उभं राहून एवढं भुंकलं, एवढं भुंकलं, की शेजारच्या शेतातली माणसं हे काय लचांड म्हणून बघायला आली. मला फोन आला तेव्हा मी एका पोराच्या हातात सुई घालत होते. कशी गेले, रस्ता कसा कापला, मला आठवत नाही. फक्त आठवतं ते हे, की त्या दिवशी मी ठरवलं, आता ह्या माणसाला एकटं ठेवायचं नाही.

बाबा गाडीत बसायला तयार झाले, पण दार उघडंच ठेवलं. "हे बी येईन," म्हणाले.

"बाबा, तिथी जागा कोठी हाय? भाड्याचं घर हाय."

"मंग मी बी नाही येत."

आम्ही दोघं सारख्याच हट्टाचे. शेवटी वाटाघाटी झाल्या आणि त्यांनी आपली अट स्पष्ट सांगितली. "हे पाय माय. कुत्रं रमलं तं मी राहीन. नाही रमलं तं त्याले घेऊन मी गावी जाईन. मंग तू आडवी पडू नको." मी हो म्हटलं. कुत्र्याला रमवणं म्हणजे काय मोठं काम, असं मला वाटलं होतं.

कुत्रं रमलं नाही. दिवसभर ते अंगणात झोपायचं आणि दिवे मालवले की आपल्या नोकरीवर हजर व्हायचं. गावी त्याची नोकरी जागलीची होती, रात्री पिकात डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, शिरू द्यायचे नाहीत. कॉलनीत डुकरं नव्हती तर ते मोटारसायकलींवर, दूधवाल्यावर, वाऱ्यानं हलणाऱ्या फ्लेक्सवर भुंकायचं. प्रामाणिकपणे, न थकता. काकू भल्या बाई. त्यांनी आधी हसत सांगितलं, मग न हसता सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "होळीपर्यंत पाहू आपण. मग मात्र काहीतरी बंदोबस्त कर बाई." बाबांनी ते ऐकलं. त्या संध्याकाळी त्यांनी आपलं धोतर घडी करून पिशवीत ठेवलेलं मला दिसलं. मी ते काढून परत दोरीवर टाकलं.

होळीनंतर बाबा गावी जाणार, तिथे एकटे राहणार, गोळी घेऊन जेवायचं विसरणार, आणि पुढच्या वेळी शेजारच्या शेतात कोणी असेलच असं नाही. माझ्या डोक्यात हेच फिरत होतं. सुई लावताना, भाजी निवडताना, काकू जिन्यावर दिसल्या की. झोपेतसुद्धा मी रस्त्यानं धावत असायची.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे उपाय काढला. कुत्र्याला दिवसा दमवायचं, म्हणजे ते रात्री झोपेल. फोनवर शोधलं, कुत्र्याला सोबत घेऊन एका दिवसात जाऊन येण्यासारखी ठिकाणं. फोननं मला पुण्याजवळचे रिसॉर्ट दाखवले. तिथे कुत्र्यांसाठी वेगळा पोहायचा तलाव होता, वेगळं जेवण होतं, वाढदिवसाचा केकसुद्धा होता. मी पुढे वाशिम असं घातलं तर जनावरांच्या दवाखान्याचा पत्ता आला. म्हटलं ठीक आहे, आपणच शोधू. आपल्या जिल्ह्यात मोकळ्या जागेला काय तोटा आहे! बाजारातून लाल पट्टा आणला, डबे भरले आणि पहिल्या रविवारी एकबुर्जीच्या तलावावर निघालो.

माझ्या डोळ्यांपुढे चित्र होतं. कुत्रं पाण्याच्या कडेनं धावतंय, बगळ्यांच्या मागे लागलंय, बाबा झाडाखाली बसून हसतायत. प्रत्यक्षात त्याला गाडीत चढवायलाच आम्हाला घाम फुटला, वाटेत ते पोत्यावर ओकलं, आणि तलावावर पोहोचून मी दार उघडलं तसं बाहेर उडी मारून थेट गाडीखाली गेलं. मागच्या चाकांच्या मधोमध बसलं, जीभ बाहेर काढली आणि डोळे मिटले. समोर एवढा मोठा तलाव, थंड वारं, आणि साहेब गाडीखाली.

मी आवाज दिला, बिस्कीट दाखवलं, शेवटी ओढणी खोचून पालथी झाले आणि हात आत घातला. बाजूला एक कुटुंब सतरंजी टाकून बसलं होतं, त्यांनी जेवण थांबवून माझ्याकडे पाहायला सुरुवात केली. बाबा शांतपणे तंबाखू मळत उभे.

"बाबा, काहून बसून राह्यलं ते इथी? काढा ना त्याले!"

"त्याची जागाच ते हाय," बाबा म्हणाले. "बंडी चालली का ते आखाखालून चालते. बंडी थांबली का आखाखाली बसते. तुही गाडी म्हंजे बंडीच हाय त्याच्यासाठी. बैल कोठी दिसून नाही राह्यले, एवढंच त्याले समजत नसन."

मला हे आठवायला हवं होतं. लहानपणी मी बंडीत बसून मागे पाय सोडायची तेव्हा खाली असंच एक कुत्रं असायचं, याच्या आधीचं. आमच्याकडे लहान पिलाला आधी दोरीनं आखाला बांधतात, मग त्याला चाकाचा अंदाज येतो, बैलाची चाल कळते, आणि मग दोरी लागत नाही. भर उन्हात तेवढीच सावली असते रस्त्यावर आणि ती चालत असते. बाजाराला जा, शेतात जा, ते दोन चाकांच्या मधून बरोबर मापात चालत येतं. शेत, घर, गाव यांतलं त्याचं काही नसतं, ती सावली तेवढी त्याची.

पण गंमत तिथेच संपली. निघायची वेळ झाली, मी गाडी सुरू केली तर बाबा जोरात ओरडले. इंजिनाचा आवाज ऐकून कुत्रं गाडीखाली उभं राहिलं होतं. पळून जाण्यासाठी नाही, चालायला. बंडी निघाली म्हणजे आपणही निघायचं, असं समजून ते पाठ वाकवून तयार उभं होतं. त्या दिवसापासून नियम झाला, की गाडी सुरू करण्याआधी बाबांनी खाली वाकून पाहायचं, गळ्यात एक सुती दोरी बांधली होती ती ओढून त्याला बाहेर काढायचं, सीटवर चढवायचं, दार लावायचं, मग मी किल्ली फिरवायची. अंगणातसुद्धा. रोज सकाळी कामाला निघताना मी कुत्र्याच्या नावानं बोटं मोडायची, पण नाव नसल्यामुळे तेही धड जमायचं नाही.

आम्ही तरी जात राहिलो. मी थांबले नाही. कधी एखाद्या पाझर तलावावर, कधी उजाड माळावर जिथे बाभळीशिवाय काही नव्हतं, कधी ओळखीच्यांच्या मळ्यात. प्रत्येक ठिकाणी मला वाटायचं, इथे नक्की रमेल. प्रत्येक ठिकाणी ते गाडीखाली जाऊन बसायचं. मी पंधरा मिनिटांत कंटाळायची आणि म्हणायची, चला, आणखी पुढे एक जागा आहे. बाबा पोळीचा घास हातात धरून माझ्याकडे पाहायचे. "पोटात तं जाऊ दे," म्हणायचे. एकदा मी इंझोरीकडच्या रस्त्याला गाडी वळवली तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तिकडं नको. तिकडं गेलो तं मी गाडीत परत बसनार नाही." मी गाडी वळवून घेतली.

जऊळक्याला जे झालं त्यानं आमची हवाच गेली. स्टेशनजवळ चहा प्यायला थांबलो होतो. बाबांना आगगाडी पाहायला आवडते, आणि कुत्र्यालाही पाहू द्यावी असं मला उगाच वाटलं. चहाच्या टपरीशी एक मालाचा टेम्पो उभा होता. बाबा त्याला पाठ टेकून बशीत चहा ओतत होते. दोरी त्यांच्या मनगटाला होती म्हणे, पण केव्हा सुटली कोण जाणे. कुत्रं त्या टेम्पोखाली. बाबा ज्या गाडीशी उभे ती आपली, एवढा त्याचा सरळ हिशेब. ड्रायव्हरला काय ठाऊक? तो चढला आणि त्यानं टेम्पो सुरू केला.

बाबा बशी टाकून चाकापुढे गेले. सत्तरीच्या पुढचा माणूस, साखर असलेला, चालत्या टेम्पोपुढे दोन्ही हात पसरून. बैल अडवतात तसे. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला आणि मग शिव्या घातल्या, त्या आम्हाला लागू होत्याच. कुत्रं खालून बाहेर आलं, शेपूट हलवत, आपण काय चुकलो याचा त्याला पत्ताच नव्हता. मी बाबांवर ओरडले. भर रस्त्यात, लोकांसमोर, जे तोंडाला येईल ते. तुमाले काही झालं असतं तं, कुत्र्यापायी जीव देता का, असं. बाबा एवढंच म्हणाले, "त्यानं माह्यासाठी गाव गोळा केलं होतं. मी का उभा राहू नको?"

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. होळी जवळ येत होती. जिन्यावरून उतरताना काकू आमच्या फाटकाकडे पाहायच्या. बाबांनी गावाकडे फोन करून घराची किल्ली कोणाकडे आहे ते विचारल्याचं मी ऐकलं. मला वाटलं, आणखी एक रविवार. एक चांगली जागा सापडली पाहिजे, बस.

त्या रविवारी केनवडच्या बाजूला गेलो. बाबांना रोडगे खायची इच्छा झाली होती, म्हणून सकाळीच कणकेचे गोळे भाजून घेतले, वरण, वांग्याची भाजी, सगळं डब्यात. मुख्य रस्ता सोडून एका पांदीच्या, शेतात जाणाऱ्या गाडीवाटेच्या, तोंडाशी बाभळीखाली गाडी लावली. दोन्हीकडे हरभरा, पलीकडे तूर काढून झालेलं रान. कुत्रं त्याच्या ठरलेल्या जागी. आम्ही जेवत होतो, म्हणजे बाबा जेवत होते आणि मी उभ्यानं घास घेत, पांदीच्या वळणापलीकडे काय असेल ते पाहत होते.

वळणावरून बंडी आली. कुटार, म्हणजे जनावरांचा भुसा, भरलेली, दोन्ही बाजूंना पोत्यांचा फुगवटा, पांढरी बैलजोडी, वर कुटारात रुतून बसलेला एक माणूस. हल्ली ट्रॅक्टरच दिसतात, म्हणून मी बघत राहिले. बंडी आमच्या गाडीच्या बाजूनं जायला लागली आणि कुत्रं उठलं. अंग झाडलं. घाई नाही, धावणं नाही. दोन पावलं टाकून ते चालत्या बंडीच्या चाकांमधून आत गेलं आणि बैलांच्या पावलाला पाऊल लावून चालू लागलं.

एवढ्या महिन्यांत त्या कुत्र्याला चालताना मी पाहिलंच नव्हतं. पळताना, ओढत नेताना, दबकून बसताना पाहिलं होतं. हे वेगळंच होतं. मान सरळ, शेपूट वर, फाटका कान मागे टाकलेला. चाक त्याच्या अंगापासून वीतभर अंतरावरून फिरत होतं आणि त्याला त्याची पर्वा नव्हती. आम्ही त्याला किती ठिकाणी हिंडवलं, आणि त्याला हवी ती जागा अशी रस्त्यानं चालत आली होती.

मी धावले. "ओ भाऊ! थांबा! आमचं कुत्रं हाय खाली!"

बंडीवाल्यानं कासरा ओढला, वाकून खाली पाहिलं. चाळिशीच्या पुढचा असेल, डोक्याला उपरणं. "अरे बापा," तो म्हणाला, "हे केव्हा आलं? कसं सराईत चालून राह्यलं पाय!" आणि हसला. हसता हसता त्याचा चेहरा बदलला. "आमचं बी होतं असंच. दिवाळीच्या वक्ताले पान लागलं त्याले. मेलं." पान लागलं म्हणजे साप चावला. "तवापासून बंडी जुंपली का मी खाली पायतो. येड्यावानी."

बाबा हात धुऊन हळूहळू येऊन पोहोचले. जय भीम, राम राम झालं. बाबांनी बैलांच्या पाठीवर हात फिरवला, खुरं पाहिली, चाकाला वंगण आहे का ते बोट लावून पाहिलं. मग चौकशी सुरू झाली. मला आधी वाटलं, सहज बोलतायत. मग लक्षात आलं, हा माणूस स्थळ पाहतोय.

"जागलीले कोन जाते?"

"मीच. एकटा. डुकरायनं नाकात दम आनला."

"घरी कोन?"

"मी अन् बायको. पोरगं पुन्याले हाय."

"बाईले कुत्र्याचा राग तं नाही?"

"राग? पयल्याले तिच्याच हातची भाकर लागे. मी टाकली तं हुंगत बी नव्हतं."

बाबांनी वाकून कुत्र्याकडे पाहिलं. "बांधून ठेवता काय?"

बंडीवाल्याला प्रश्नच समजला नाही. "बंडीखाली चालनाऱ्या कुत्र्याले कोनी बांधते काय, दादा?"

बाबांनी मान हलवली आणि खाली बसले. चाकाशी वाकून त्यांनी जिभेनं टक् केलं. कुत्रं तोंड पुढे घेऊन आलं. बाबांनी आधी लाल पट्टा सोडला आणि मागे न पाहता माझ्या हातात दिला. मग गळ्यातली सुती दोरी सोडली, तिची गुंडाळी केली आणि आपल्या खिशात ठेवली. आमच्याकडे जनावर देतात, दावं देत नाहीत. दावं घरात राहू देतात. बैल दिले तेव्हाही बाबांनी असंच केलं होतं. म्हणून दोरी खिशात गेली तेव्हा मला कळलं आणि माझा धीर सुटला.

"बाबा, काय करून राह्यले तुमी? द्यायचं नाही त्याले! होळीले अजून टाइम हाय. मी काकूंसंग बोलते, दुसरं घर पायते, मोठं अंगन असलेलं..."

"तू गप बस जराशी."

"पन तुमीच म्हनले होते, कुत्रं नाही राह्यलं तं मी..."

"कुत्र्याले घेऊन गावी जाईन म्हनलो होतो," बाबा म्हणाले. ते अजून खाली बसलेलेच होते, कुत्र्याच्या फाटक्या कानाशी त्यांची बोटं होती. "आता कुत्रंच नाही तं गावी कायले जाऊ? तिथी बंडी हाय तं बैल नाही. शेत हाय तं दुसऱ्याच्या हातात. याच्यापायीच जाऊ म्हनत होतो मी. याचं तुह्या घरी जमत नाही अन् तुह्या जिवाले माह्याशिवाय चैन नाही. दोघायले पुरा पडीन एवढा मी राह्यलो नाही."

बंडीवाला बैलांकडे पाहत राहिला. मला काय वाटलं ते सांगते. मला पहिल्यांदा आनंद झाला. बाबा राहणार. गोळी, जेवण, सगळं माझ्या डोळ्यांपुढे. ज्यासाठी मी जिल्हाभर वणवण केली होती ते मिळालं होतं. आणि त्याच क्षणी मला रडू फुटलं, कारण ते मी मिळवलं नव्हतं, त्यांनी आपल्या अंगातून काढून दिलं होतं.

बंडीवाला खाली उतरला. फडक्यातली अर्धी भाकर काढून त्यानं कुत्र्यापुढे धरली, हातावर, जमिनीवर नाही. कुत्र्यानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी नजर दुसरीकडे केली. मग त्यानं ती खाल्ली.

बंडी निघाली. बाबा थोडं अंतर चाकाच्या बाजूनं चालत गेले, म्हणजे कुत्र्याला वाटावं, सगळंच निघालंय. मग ते थांबले. कुत्र्याच्या ते लगेच ध्यानात आलं नाही. आलं तेव्हा ते जागच्या जागी उभं राहिलं, चाकं त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेली आणि ते पांदीच्या मधोमध उन्हात एकटंच राहिलं. एकदा बंडीकडे पाहायचं, एकदा बाबांकडे.

"बोलवा ना त्याले," मी म्हणाले.

बाबांनी पाठ फिरवली. "तू बी पाहू नको," म्हणाले.

मी पाहिलं. बराच वेळ ते तसंच उभं होतं. बंडीवाल्यानं जिभेनं आवाज केला, बाबांसारखा नाही, त्याचा स्वतःचा. कुत्र्यानं मान वळवली आणि मग ते धावत सुटलं, बंडी गाठली, आणि आखाखाली शिरून पावलाला पाऊल लावलं. वळणावर कुटाराचा फुगवटा तेवढा दिसत राहिला, मग तोही नाही.

"गेलं?" बाबांनी विचारलं.

"गेलं."

त्यांनी उरलेले रोडगे पिशवीत भरले. डब्याची झाकणं नीट लावली. वाटेत ते फक्त एकदा बोलले. "सहा दिवस लोकायचं रक्त काढते, सातव्या दिवशी आमाले घेऊन पळते. तुले कोन इसावा देईन, माय?" मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मी स्टेअरिंगवर डोकं टेकून रडले आणि बाबा माझ्या पाठीवर थोपटत राहिले, बैलाच्या पाठीवर थोपटतात तसे, जरा जोरातच.

आठवडा शांत गेला. काकूंनी खाली येऊन पुरणपोळ्या दिल्या आणि बाबांची तब्येत विचारली. रात्री कोणी भुंकलं नाही. बाबा वेळेवर जेवत होते, गोळी घेत होते, वर्तमानपत्र वाचत होते. मी कामावरून घरी यायची तर ते सकाळी ज्या खुर्चीत होते त्याच खुर्चीत असायचे. मी ठरवलं, ह्या रविवारी कुठे म्हणून कुठे जायचं नाही, दोघांनी घरी राहायचं, आराम करायचा.

रविवारी सकाळी मी दोन कप चहा घेऊन बाहेर आले. खुर्ची रिकामी. घरात नाही, मोरीत नाही, फाटक तर लावलेलं. मग पाहिलं, बाबा गाडीत बसले होते. पुढच्या सीटवर, टोपी घालून, मांडीवर पिशवी, दार आतून लावलेलं.

मी काच वाजवली. त्यांनी ती खाली घेतली.

"कोठी जायचं, बाबा?"

"कोठीबी," ते समोर पाहत म्हणाले. "घरात करमत नाही."

मी कप पायरीवर ठेवले, घरातून किल्ली आणली आणि गाडी सुरू केली. फाटकाबाहेर आल्यावर, कोणत्या बाजूला वळायचं म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं.

"केनवडकडं नको," बाबा म्हणाले.